श्रीपादरावांचा गुडघा कसा बरा झाला

समोरच्या प्रमोदिनीला दुसऱ्याचं दुखणं बघवत नाही. ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीत कोणाचं नुसतं डोकं दुखलं, तरी ही बाम घेऊन हजर. "सहन कशाला करायचं?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र बाईसाहेब वीरांगना झाल्या. पोट उघडून गर्भाशय काढलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या घड्याळ बघून घ्या, कळ यायची वाट बघू नका, खोकताना पोटाशी उशी धरा आणि घरात चाला. नाही चाललात, तर पुन्हा इथे आणून झोपवीन.

घरी आली ती पलंगाला चिकटली. भेटायला येणाऱ्यांना "काही दुखत नाही हो" म्हणत किस्से सांगायची. लोक खो खो हसायचे, ही ओठ दाबून गप्प. जिचं हसणं खालच्या मजल्यावर ऐकू जातं, ती हसेना. मला धास्तीच बसली, हिला परत नेताहेत की काय!

अशात तिचे यजमान श्रीपादराव दिसले. एरवी गुडघ्यापायी कठडा धरून उतरणारे गृहस्थ टणाटण जिना उतरत होते.

"भावोजी, गुडघा बरा झाला वाटतं?"

"एकदम फर्स्ट क्लास! प्रमोदिनी तिच्यातली गोळी देते ना. म्हणाली, मला लागत नाहीत, वाया कशाला घालवायच्या?"

माझं डोकंच फिरलं. तशीच त्यांच्या घरात शिरले. दुसऱ्याचं औषध गिळतात म्हणून आधी त्यांना झाडलं, मग तिला.

"अगं, दोन बाळंतपणं झाली माझी, हूं की चूं केलं नाही मी."

"मग चालून दाखव."

उठता उठता अर्ध्यावरच थांबली. डोळे भरून आले. "दुखतंय म्हटलं की आई म्हणायची, नाटकं पुरे. बोलायची सवयच गेली गं."

मलाही भरून आलं, पण आवाज चढाच ठेवला. "सहन कशाला करायचं? हे कोण म्हणतं?"

"हसवू नकोस, मेले!" तिने उशी ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या उघड्या दारातून ऐकू आलं, "अहो, दुखतंय मला. गोळीची वेळ झाली ना?" कोणाचं दुखणं ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

थोड्या वेळाने ती पोटाशी उशी धरून हळूहळू माझ्या दारापर्यंत चालत आली. मागून श्रीपादराव, पुन्हा लंगडत. तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि उशी घट्ट दाबली.

"दुखतंय गं," म्हणाली आणि खालच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढी हसली.