खांद्यावरून गेलेलं घर

त्याच्या गावात घर आणि जमीन या दोन वेगळ्या वस्तू होत्या. हे माझ्या डोक्यात शिरायला बरेच दिवस लागले. आपल्याकडे घर म्हटलं की खालची जमीन आलीच. त्याच्याकडे जमीन एकाची, तिच्यावरचं घर दुसऱ्याचं, परसातला नारळ तिसऱ्याचा, आणि तिघेही एकमेकांच्या लग्नात वाढायला. घर सागवानी. खिळा एकही नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर जोडलेलं. हलवायचं ठरलं की सारा गाव जमायचा. बायका रांगेत उभ्या राहून हातोहात कौलं उतरवायच्या, पुरुष वासे आणि खांब सुटे करायचे, आणि घर लोकांच्या खांद्यांवरून बांधाबांधानं चालत नव्या जागी जायचं. लहान असलं तर सुटं करायचीही गरज नाही. माणसं आत शिरून अख्खं उचलायची.

"आणि आत कोणी राहिलं असेल तर?" मी विचारलं होतं.

"मांजर असतं," तो म्हणाला. "ते उतरत नाही."

हा माझा रूममेट. जावा बेटाच्या मध्यावर भातखाचरांत त्याचं गाव. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघं अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावात, एकाच अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी मातीचा अभ्यास करत होतो, तो शेतीच्या अर्थशास्त्राचा. एकत्र आलो ते भातामुळे. बाकीची अमेरिकन मुलं आमच्या फोडणीला आणि त्याच्या सुक्या मासळीला कंटाळून निघून गेली, आम्ही दोघं उरलो. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून मला 'मास' म्हणायचा. त्यांच्याकडे थोरल्या भावाला तशी हाक मारतात. गावाकडच्या सख्ख्या भावालाही तो मासच म्हणायचा.

गावाबद्दल तो न थकता बोलायचा. त्यांच्या मुखियाला पगार नाही, शेत मिळतं. पद गेलं की शेत गेलं. मी म्हटलं, आमच्याकडच्या पाटलांच्या इनामासारखंच की. तर तो खूश. तिथे सात दिवसांच्या आठवड्याबरोबर आणखी एक पाच दिवसांचा आठवडा चालतो, आणि गावाजवळचा बाजार त्या पाचांतल्या एका दिवशी भरतो. कॅम्पसच्या बसची वाट बघत थंडीत उभे असलो की हा हातमोजा काढून अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचा आणि जाहीर करायचा, "आज बाजार." बाजाराच्या दिवशी तालुक्याहून परतणारी छोटी बस दिवस मावळेपर्यंत मिळे. एरवी शेवटची दुपारीच सुटे. पुढे नदी. तिच्यावर दोर ओढत न्यायचा बांबूचा तराफा. तराफेवाला अंधार पडला की घरी. त्यानंतर खाचरांच्या बांधावरून पायी. एवढं सगळं सांगून तो म्हणायचा, "म्हणून आमच्याकडे पाहुणा आला की आधी त्याचे पाय बघतात, मग तोंड."

वडील नव्हते. शेत थोरल्या भावाकडे होतं, आणि आईचं राहतं घर धाकट्याकडे, म्हणजे याच्याकडे येणार होतं. चार मोठे खांब, वर उंच छप्पर, पुढे उघडी ओसरी. डिग्री झाली की तो त्या घरात परत जाणार होता. यात त्याला काही शंकाच नव्हती. मला घरून विचारणा व्हायची, तुझं कधीपर्यंत? आणि मी प्रयोगशाळेतलं काहीतरी लिहून पाठवायचो.

त्या वर्षी ऑक्टोबरात त्याची कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा होती. तीत नापास झाला तर स्कॉलरशिप जाणार आणि रिकाम्या हातानं परतायचं. आदल्या संध्याकाळी तो लायब्ररीत होता. माझं जेवण झालं होतं आणि फोन वाजला. ऑपरेटर, मग खूप खरखर, मग शाळेतल्यासारखं सावकाश इंग्रजी बोलणारा एक माणूस. मी गावातला मास्तर, तो म्हणाला. तुमच्या मित्राचा भाऊ माझ्याशेजारी उभा आहे, त्याला इंग्रजी येत नाही. मी म्हटलं, तो बाहेर गेलाय, मला सांगा.

मास्तरांनी दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही मला स्वच्छ ऐकू आल्या. पहिली, आई गेली. आठवडा झाला. त्याच दिवशी माती दिली. दुसरी, शहरातला एक व्यापारी जुनी सागवानी घरं विकत घेत हिंडतोय. त्याचा ट्रक नदीपलीकडे उभा आहे, पाऊस लागायच्या आत त्याला निघायचंय. घर आता रिकामं आहे आणि मागच्या खांबाला वाळवी लागली आहे. भाऊ विचारतो, घर द्यायचं की ठेवायचं? ठेव म्हणाला तर भाऊ आपलं बिऱ्हाड तिथे हलवेल आणि तो येईपर्यंत सांभाळेल. आम्ही इथे तालुक्याला फोन ऑफिसात बसलोय. पाचला बंद होतं, तोपर्यंत वाट बघतो. फोन नाही आला तर विकायला त्याची हरकत नाही असं समजू.

तिथे तेव्हा सकाळ होती. मी नंबर लिहून घेतला. मागून एक हलका आवाज काहीतरी बोलला. मास्तर म्हणाले, "भाऊ विचारतो, तो नीट जेवतो का?"

"जेवतो," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि मी काकूंना फोन केला. काकू म्हणजे स्टेट कॉलेजमधल्या आमच्या एकुलत्या एक मराठी प्रोफेसरांच्या पत्नी, मूळच्या नागपूरच्या. आम्हा सगळ्या पोरांचं सुखदुःख त्यांच्या किचनमधून जायचं.

"काकू, त्याची आई गेली. आत्ता फोन आला होता."

"अरे देवा! आणि उद्या त्याची एक्झाम ना?"

"हो. सांगू की नको?"

"आत्ता काहून सांगतोस? सांगून काय ती परत येणार आहे? पेपर होऊ दे, मग मी घेऊन येते काहीतरी, दोघं मिळून सांगू. आणि हे बघ, चेहरा नीट ठेव. तुझा चेहरा म्हणजे नोटीसबोर्ड आहे मेला."

काकूंचं काही चुकलं नाही. माझे आजोबा माझ्या बीएस्सीच्या परीक्षेत गेले तेव्हा घरच्यांनीही असंच केलं होतं. शेवटचा पेपर देऊन मी शीळ घालत घरी आलो, तेव्हा ओटीवर सगळे बसलेले. नंतर जो तो म्हणाला, बरं झालं नाही कळवलं. मीही म्हणालो. आपल्यात हे प्रेमानंच करतात.

पण काकूंना मी अर्धंच सांगितलं होतं. भाऊ फोन ऑफिसात बसलाय हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला झाडलंच असतं, "गाढवा, मग आधी त्याला लायब्ररीतून उचलून आण." ते मला माहीत होतं. म्हणूनच नाही सांगितलं.

तो आला तेव्हा मी खिचडी टाकली होती. पापड भाजले होते.

"मास, आज एवढी सरबराई?"

"उद्या परीक्षा ना. खा."

"कोणाचा फोन आला होता का?"

"राँग नंबर."

खाता खाता त्यानं अंगठा पेरांवर फिरवला. "गावात उद्याचा दिवस उजाडलासुद्धा. बाजार काल झाला. आई आज बाजारातले उरलेले केळीचे घड ओसरीवर टांगत असेल."

मी त्याला आणखी तूप वाढलं. तो झोपायला गेला, आणि मीही. मला झोप लागली नाही असं मला इथे लिहिता आलं असतं. लागली.

दुसऱ्या दिवशी पेपर देऊन तो बाहेर आला तेव्हा मी आणि काकू पायऱ्यांपाशी उभे होतो. काकूंनी त्याचा हात धरला. मी सांगितलं. म्हटलं, सकाळी फोन आला, तू गेल्यावर. हे खोटं मी ठरवून आलो नव्हतो, ते तोंडातून गेलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांना वाटलं असेल, बरोबर बोलला पोरगा. तो तिथेच पायरीवर बसला आणि दप्तर मांडीवर घेऊन त्याचा पट्टा गुंडाळत आणि सोडत राहिला.

आणि घराचं? तेव्हाही सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे भाऊ दिवसभर बसून होता हे सांगावं लागलं असतं, आणि मग रात्रीची खिचडी, राँग नंबर, सगळंच. त्याला काकूंकडे बसवून मी घरी आलो आणि एकट्यानं तो नंबर लावून घेतला. तिकडे मध्यरात्र उलटलेली. बेल बंद ऑफिसात वाजत राहिली. "नोबडीज आन्सरिंग, हनी," ऑपरेटर म्हणाली. पुन्हा लावू का, तिनं विचारलं. मी नको म्हटलं.

तो पास झाला. काही आठवड्यांनी भावाचं पत्र आलं, अगदी छोटं. त्यानं मला वाचून दाखवलं. घर गेलं, लाकूड चांगल्या हातात पडलं आहे, तुझा वाटा मास्तरांकडे ठेवला आहे. बस.

"मला विचारलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "आईचे चाळीस दिवस व्हायच्या आत घर खांद्यावर घातलं. विचारलंसुद्धा नाही, मास."

मी सिंकपाशी भांडी घासत होतो. नळ सोडलेला होता. मी तो बंद केला नाही.

त्यानं त्या पत्राला उत्तर दिलं नाही. पुढच्याही नाही. भावानंही कधी जाब विचारला नाही. त्याच्या लेखी यानं निरोप मिळूनही मौन धरलं होतं, म्हणजे घराला होकारच दिला होता, आणि आता दुरावला होता. शहाणी माणसं दोघंही. एकानंही आवाज चढवला असता तर माझं बिंग फुटलं असतं. पण त्यांच्या घरात आवाज चढवायची रीत नव्हती.

बसस्टॉपवर बोटं मोजणं थांबलं. डिग्रीनंतर त्यानं इथेच नोकरी धरली, नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलजवळ. मी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आलो. दिवाळीला तो मला फोन करायचा, ईदला मी त्याला. दशक संपत आलं होतं तेव्हा एका रविवारी त्याचा अवेळी फोन आला.

"भाऊ गेला," तो म्हणाला. "कळवावंसं वाटलं. तूच एक आहेस ज्याला सगळं माहीत आहे."

"जाणार आहेस?"

"उतरायचं कुठे?"

पुढच्या शनिवारी मी गाडी काढली आणि दिवसभर ड्राइव्ह करून त्याच्याकडे पोचलो. बायकोला म्हटलं, कॉन्फरन्स आहे. त्याच्या घरामागे लाकडी डेक होता, तिथे आम्ही बसलो, आणि मी सांगितलं. मास्तरांचा आवाज, ट्रक, वाळवी लागलेला खांब, ठेव म्हणालास तर मी बिऱ्हाड हलवतो. नीट जेवतो का, तेही.

तो बराच वेळ डेकच्या फळीवरचा एक वर आलेला खिळा बुटानं दाबत होता. मला वाटलं उठून मारेल. मारावं असं वाटत होतं.

"ऑफिस कधी बंद होतं म्हणाले?"

"पाचला."

त्याचा अंगठा पेरांवर गेला. किती वर्षांनी मी ते पाहत होतो. "आदल्या दिवशी बाजार झालेला. म्हणजे शेवटची बस दुपारची. ती त्यानं सोडली." तो माझ्याशी बोलत नव्हता. "मग चालत. नदीपर्यंत येईतो काळोख. तराफा पलीकडे. हाक मारली असेल. पण तराफेवाला बहिरा होता."

"मग काय केलं असेल?" मी विचारलं. कशाला विचारलं कोण जाणे.

"पाणी कमी असेल त्या दिवसांत. गळ्यापर्यंत. कपडे डोक्यावर बांधून गेला असेल." पुढे म्हणाला, "मास्तर म्हातारे होते. त्यांना पाठीवर घेतलं असेल."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हे तू मला तो जिवंत असताना का नाही सांगितलंस?"

"धीर झाला नाही," मी म्हटलं.

तेही अर्धंच होतं. उरलेलं इतकी वर्षं कुणालाच सांगितलेलं नाही. त्याचं परत जायचं पक्कं होतं आणि माझं नव्हतं. घरून कुणी मला ओढत नव्हतं, किंवा ओढत होतं आणि मी दोर सोडून दिला होता, आणि इथे बसून मी रोज त्याच्या ओसरीचं कौतुक ऐकत होतो. त्या संध्याकाळी मास्तर म्हणाले, फोन आला नाही तर हरकत नाही असं समजू, तेव्हा दुःखाच्या आत कुठेतरी मला बरं वाटलं होतं. राहील आता हाही इथेच, असं. परीक्षा, काकू, आजोबा, ही सगळी कारणं खरीच होती, पण ती मला नंतर सुचली. पन्नाशी उलटल्यावर हे लिहिणं सोपं आहे असं नाही. पण आता लपवून वाचवायचं कोणाला?

त्यानं जेवायला थांब म्हटलं नाही. गाडीपर्यंत मात्र आला.

"हायवेला ट्रक फार असतात," तो म्हणाला. "हळू चालव." आणि पुढे माझं नाव घेतलं. इतक्या वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारली नव्हती. उच्चारही अगदी बरोबर केला.

वळणाआधी मी आरशात पाहिलं. तो ड्राइव्हवेवर तसाच उभा होता, मान खाली, आणि त्याचा अंगठा अजून बोटांवरून फिरत होता.