चिंचेखालचा कट्टा

मी मास्तर होतो त्या बीदरच्या शाळेचा कारभार पाहणारे मुन्शीजी बसायच्या आधी रुमालाने जागा झटकायचे आणि बोलायला सुरुवात करायचे ती ‘हुकूम हाय’ म्हणूनच. शाळेच्या चौकात चिंचेभोवती शहाबादी फरशीचा कट्टा होता. मराठी, कानडी, उर्दू बोलणारी सगळी पोरं तिथंच भाकरीचं फडकं सोडायची. एका फरशीवर कुणी जुन्या पोरांनी वाघ-बकरीच्या खेळाचा पट कोरला होता. सरकारनं परवानगीशिवाय जमायला बंदी घातली, तसा मुन्शीजींनी कट्टाच उखडला. मी भांडलो.

“हुकूम हाय, मास्तर. कट्टा असला की जमाव व्हतंय.”

हुकूम जमावाबद्दल होता. कट्ट्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता!

पुढं एकदा कामानिमित्त बीदरजवळच्या नौबादला गेलो, तर मुन्शीजींनी आपल्या घराच्या दारातून हाक मारली. दारापुढं नवा ओटा. माझ्यासाठी त्यांनी रुमालानं फरशी झटकली, आणि धुळीखालून आमचा वाघ-बकरीचा पट वर आला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“या की मास्तर, बसा. उभं कामून ऱ्हायलाव?”

“जमाव व्हईल, मुन्शीजी. परवानगी काढलाव का?”

ते मनापासून हसले आणि मला जागा करून द्यायला थोडे सरकले.