मेश्राम सरांचं मनगट

किस्से दातांवरच्या कीटणासारखे साचतात. रोज थोडे, कळतही नाही, आणि एक दिवस आरशात बघावं तर केवढे! मी दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे उपमा अशीच येणार. सवय करून घ्या.

माझं क्लिनिक कसबा पेठेत. दुपारी ते बंद करून मी नारायण पेठेत जोगळेकरांच्या पूल पार्लरमध्ये जाते. खाली बाइंडिंगवाला, वर पार्लर. एकच टेबल, एकच खिडकी. नेहमीचे मेंबर तीन. मी, आयटीतला निखिल (वर्क फ्रॉम होम, म्हणजे वर्क फ्रॉम जोगळेकर) आणि सर्व्हे खात्यातून रिटायर झालेले मेश्राम सर. सर मूळचे भंडाऱ्याचे. अर्धं आयुष्य पुण्यात गेलं, तरी खुशीत आले की त्यांची भाषा थेट भंडाऱ्याला पोचते.

चार वर्षांत मी सरांना एकदाही हरवलं नव्हतं. एकदाही! हे मला फार लागलं होतं.

कारण सरांचा स्पिन. काळा चेंडू सगळ्यात शेवटी घालायचा असतो. सर तो अगदी हळू मारत. तो भिंतीच्या बाजूला निघे, आपल्याला वाटे चुकला, आणि मग अलगद खिडकीकडे वळून कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये टपकन पडे.

"सर, हे कसं करता?"

"मनगटात असतं सगळं, डॉक्टर."

*

निखिलचा जगातल्या प्रत्येक विषयावर एक व्हिडिओ बघून झालेला असतो.

"ताई, सिंपल आहे. बॉल ज्या अँगलने कुशनला, म्हणजे टेबलाच्या काठाला लागतो, त्याच अँगलने परत येतो."

दुसऱ्या दिवशी त्याने भाचीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला. टेबलावर खडूने खूण केली, ज्याने बाकीचे चेंडू मारतात तो पांढरा काठीने मारला. चेंडू भलतीकडे! पुन्हा मापलं. पुन्हा भलतीकडे!

सर म्हणाले, "काहून होऊन राहिलं सांगू? तू पांढऱ्याले डाव्या अंगाले मारून राहिला. तो फिरत फिरत जाते. फिरणारा चेंडू कुशनले लागला, का आपलाच अँगल घेते."

"पण सर, नियम असा आहे की..."

"नियम भिंतीवर लावलेत," काउंटरवरून जोगळेकर म्हणाले. "पहिलाच वाचा. टेबलावर लिहू नये. पुसा ते."

*

पांढऱ्याला खालच्या बाजूला मारलं, की तो समोरच्या चेंडूला धडकून मागे येतो. याला बॅक स्पिन म्हणतात. सरांनी मारलं की पांढरा हाक मारल्यासारखा परत येई. मी म्हटलं, यात काय अवघड आहे? मुळाशी जायची तर आम्हाला रोजची सवय!

मी इतकी मुळाशी गेले की पांढरा मागे आलाच नाही. तो वर उडाला आणि खिडकीतून बाहेर गेला!

खाली भाजीवाल्या शेवंताबाई बसतात. जोगळेकर धावत जिना उतरले. आम्ही वरून बघत होतो.

"अहो, आमचा एक चेंडू..."

शेवंताबाईंनी तो उचलून कांद्यांच्या ढिगाकडे ठेवला होता. "ह्यो पांढरा कांदा आपल्याकडं कोण घेत न्हाय," त्या म्हणाल्या. "घिऊन जावा. आन त्या डॉक्टरीणबाईला सांगा, दात काढताना तरी जरा हळू."

दोन दिवसांत खिडकीला जाळी लागली. ती दाखवताना जोगळेकर अजूनही लोकांना माझं नाव सांगतात, क्लिनिकच्या पत्त्यासकट.

*

टेबलाची लेव्हल दर रविवारी सकाळी बघायची, ही आमच्याकडची पद्धत. हे काम फक्त सरांचं. ते पिशवीतून स्पिरिट लेव्हल काढणार, टेबलावर ठेवून तिच्यातला बुडबुडा चष्म्यावरून बघणार, मग पाना घेऊन टेबलाच्या पायाशी बसणार आणि स्क्रू थोडा फिरवणार. "ओके!" म्हणाले, की जोगळेकर स्वतःच्या हाताने चहा देणार. दुसऱ्या कोणाला जोगळेकर स्वतःच्या हाताने पाणीही देत नाहीत.

एकदा निखिलचा मित्र बाणेरहून आला. दोन गेम हरला आणि म्हणाला, "टेबल तिरकं वाटतंय हो."

"टेबल सरळ आहे," जोगळेकर म्हणाले. "आपण बाणेरहून आलात, म्हणून तसं वाटतंय."

"सरकारी सर्व्हेअरनं मोजलंय," सरांनी शांतपणे भर घातली.

तो मित्र पुन्हा आला नाही.

*

निखिलने सरांच्या मनगटाचा स्लो मोशन व्हिडिओ काढला. तो मी क्लिनिकमध्ये पेशंटला भूल चढेपर्यंत बघत असे. दोन वर्षं प्रॅक्टिस केली. नेम जरा भिंतीकडे धरायचा, हळू मारायचं, शेवटी मनगटाला किंचित झटका. आणि एक दिवस माझाही काळा वळला! खिडकीकडे, अगदी सरांसारखा! जोगळेकरांना मिठी मारायचीच बाकी होती.

"येऊन राहिलं, येऊन राहिलं," सर म्हणाले. त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात कळलं, सर मुलाकडे नागपूरला जाणार, कायमचे. मला मनापासून वाईट वाटलं. आणि लगेच दुसरा विचार आला. अरे, हरवायला एकच रविवार उरला!

*

त्या रविवारी सरांनी नेहमीसारखी लेव्हल बघितली, ओके म्हणाले, चहा घेतला. मग आम्ही दोघं खेळायला लागलो. मी इतकी चांगली कधीच खेळले नव्हते. सगळे जोरकस शॉट, धाडधाड! माझे सगळे चेंडू गेले, सरांचेही. उरला फक्त काळा, खिडकीकडच्या पॉकेटसाठी. अगदी माझा शॉट.

निखिलने मोबाइल काढला. जोगळेकर काउंटर सोडून आले.

नेम भिंतीकडे, हळू, मनगटाला झटका.

काळा निघाला. भिंतीच्या बाजूला गेला. आणि तसाच, नाकासमोर, सरळ जात राहिला. पॉकेटच्या बोटभर अलीकडे कुशनला लागून थांबला.

"सर, हा वळलाच नाही!"

"काहून वळंल?" सर म्हणाले. "टेबल सरळ आहे. आज सकाळीच केलं."

"आज?"

"शेवटचा गेम. म्हटलं, डॉक्टरवर अन्याय नको."

एवढं बोलून त्यांनी काळा घातला. सरळ, कसलाही झटका न देता.

निघताना त्यांनी पिशवीतून स्पिरिट लेव्हल आणि पाना काढून माझ्या हातात ठेवला. जोगळेकर म्हणाले, "बरं झालं. डॉक्टर आहेत, हात स्थिर असतो."

परवा एक नवीन मेंबर आला. दोन गेम हरला. माझा काळा खिडकीकडे वळताना बघून त्याचा आ वासला. मागच्या दोन दाढा किडल्या आहेत त्याच्या.

"मॅडम, हा स्पिन कसा करता?"

मी खडू खाली ठेवला.

"मनगटात असतं सगळं."