एक पट्टी राहिली

झाशीत थंड हवेची सोय असलेलं असं एकही छत नसेल, ज्याच्याकडे आमच्या साडूंनी मान वर करून बघितलं नाही आणि बघून तोंड वाकडं केलं नाही. माणसं दुकानात शिरली की माल बघतात, लग्नाला गेली की नवरी बघतात. साडू छत बघत. मूळचे भुसावळचे, सरकारी कारखान्याच्या नोकरीने इकडे आले आणि यंत्राची थंड हवा खोल्याखोल्यांतून फिरवण्याचं काम करून इथेच निवृत्त झाले. माझी बायको त्यांना भाऊजी म्हणते. तिचं ऐकून मीही भाऊजीच म्हणायला लागलो, आणि या वयात आता ते दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

भाऊजींचा जन्माचा वैरी म्हणजे झोळ. थंड हवा नेणारी ती चंदेरी वेष्टणाची, वाकवाल तशी वाकणारी जाड नळी असते ना, डक्ट म्हणतात तिला, ती बसवणारे लोक कुठेतरी दोन तारांनी टांगतात आणि निघून जातात. मग ती मधे लोंबते, आतून तिला सुरकुत्या पडतात, तार रुतते तिथे गळा आवळल्यासारखी होते, आणि यंत्र कितीही घरघरलं तरी शेवटच्या माणसापर्यंत हवा पोचत नाही. "नळी ताणून घ्या, दर चार फुटांवर आधार द्या, तार नको, चार बोटं रुंद पट्टी हवी," हे मी इतक्या वेळा ऐकलंय की रामरक्षेत अडखळेन, पण यात नाही. बड्या बाजारातल्या एका साडीवाल्याकडे त्यांनी साडीऐवजी शिडी मागितली होती. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बाबूजी, हवा तो आ रई है." भाऊजी म्हणाले, "आ रही है भैया, पर थक के आ रही है."

झाशीजवळच्या बबीन्याला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळा मांडव नवरानवरीकडे बघत होता आणि भाऊजी वर. त्यांच्या अक्षता सावधान म्हटल्याबरोबर वाढप्याच्या डोक्यावर पडल्या. बाजूचे एक आजोबा त्यांची ती नजर बघून मला हळूच म्हणाले, "फार भाविक दिसतात हो." अशा वेळी त्यांच्या मागे उभी असलेली त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई, कपाळाला हात लावून म्हणायच्या, "अहो, जरा खाली बघा." रस्त्यातही तेच. एकदा कुठल्याशा बँकेचं काचेतून दिसणारं छत लोकांना दाखवता दाखवता ते गटारात गेले, तेव्हाही ताई एवढंच म्हणाल्या. पट्टीसाठी भाऊजींनी ताईंच्या माहेरच्या पलंगाची नवार उसवून गुंडाळी करून ठेवली होती, आणि ती पिशवीत घालून ते गावभर हिंडत. ताईंनी त्यावरून महिनाभर अबोला धरला. भाऊजींच्या तो लक्षात आला नाही.

मग एका मे महिन्यात ताईंना नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. दुखणं बरं होणारं नव्हतं, हे भाऊजींना, माझ्या बायकोला आणि मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. हॉलमधली खाट शेवटची, भिंतीजवळची. बाहेर भट्टी पेटलेली, आणि आत बाकीच्या खाटांवर माणसं पांघरुणं घेऊन पडलेली असताना ताईंची उशी घामाने भिजायची. भाऊजींनी वर बघितलं. नळीला हातभर झोळ होता, दोन तारा रुतल्या होत्या. आयुष्यभर जगाला जे ओरडून सांगितलं, ते नेमकं बायकोच्या डोक्यावर येऊन लोंबत होतं. तक्रार केली, तर "कल मिस्त्री आएगा." असे तीन उद्या गेले. ताईंचा आवाज रोज थोडा कमी होत होता.

चौथ्या दिवशी दुपारी भाऊजी घडीची शिडी आणि ती नवार घेऊन आले. शिडी धरायला मी होतो. सत्तरीचा माणूस वर चढला, तारा कापल्या, नळी ताणली आणि एकेक पट्टी बांधू लागला. तिसऱ्या पट्टीला हवेचा आवाज बदलला, आणि ताईंच्या कपाळावरचे केस हलले. त्यांनी डोळे उघडले, काहीतरी बोलल्या. सिस्टर धावत आली, "अंकल जी, नीचे आ जाइए, आंटी जी बुला रही हैं."

"बस, एक पट्टी राहिली," भाऊजी वरूनच म्हणाले, गडबडीत मराठीत.

ती बांधून ते उतरले, तोवर ताईंना झोप लागली होती. भाऊजींनी खाटेवर हात धरून हवा तपासली, मान डोलावली आणि ताईंच्या अंगावर चादर ओढली. ताई पुन्हा जाग्या झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.

दहाव्याचं आटोपल्यावर भाऊजींनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही खाली होतात. काय म्हणत होती ती?"

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. "जरा माझ्याजवळ बसा ना," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, दोनदा. मी शिडी सोडली नाही आणि वर हाकही मारली नाही, मलाही ती पट्टी पुरी व्हावीशी वाटत होती. मी म्हणालो, "गार वाटतंय म्हणाल्या." भाऊजींना बरं वाटलं. मला त्या खोट्याची अजून लाज वाटते, आणि खरं सांगायचं धैर्य आजही नाही.

परवा एका मुंजीला गेलो होतो. हॉलच्या छताला असा झोळ होता की माझीसुद्धा मान वर गेली. पूर्वीचे भाऊजी दिसावेत म्हणून मीच त्यांना कोपराने ढोसलं, "भाऊजी, वर बघा की."

त्यांनी एकदा बघितलं. "हं. एक पट्टी लागेल," म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत. शेजारच्या खुर्चीवर माझी बायको त्यांना यंदाचं कैरीचं लोणचं का बिघडलं ते सांगत होती. तिच्याकडे तोंड करून, तिचं सगळं सांगून होईपर्यंत, ते ऐकत बसले.