केस धरले तं?

"अन् केस धरले तं?"

समोरचा काहीही शिकवत असो, तिचा प्रश्न एवढाच असायचा. ती मुर्रीहून गोंदियात पोळ्या लाटायला यायची आणि कामं आटोपली की नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन क्लास बघत फिरायची. मुलीला कराटेला घालायचंय म्हणणाऱ्या आया तुम्हीही पाहिल्या असतील. त्या वेळ आणि फी विचारतात. ही डाव विचारायची.

तायक्वांदोवाल्यानं तिला उंच लाथ मारून दाखवली. जुडोवाला म्हणाला, "बहनजी, बाल पकडना तो फाउल है." आखाड्यातले वस्तादही तेच म्हणाले, केसांना हात लावला की पंच शिटी वाजवतो.

"घरी कोन वाजवते शिटी?" असं म्हणून ती तिथून उठली. हे तिनं मला हसत सांगितलं आणि मीही हसले.

मी शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कराटे शिकवते. जीभ तिखट आहे, म्हणून पोरी मला टरकून असतात. "ये, दाखवते," म्हणत मी तिच्याच केसांकडे हात नेला. हात लागण्याआधीच तिची मान खाली गेली आणि डोळे मिटले. पदर सरकला. कानामागे रुपयाएवढ्या जागेत केसच नव्हते.

"नवरा?"

"माह्यं राहू द्या, मॅडम. हिले शिकवा."

शिकवलं. धरणाऱ्याचा हात दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर दाबायचा, मागं ओढायचं नाही, उलट त्याच्या अंगावर जायचं आणि वाकून वळायचं. मनगट मुरगळतं, मूठ सुटते. पोरीनं ते पटकन उचललं. आई भिंतीला टेकून बघायची आणि दर वेळी आपलं एक वाक्य जोडायची, "सुटली का पळाचं. मागं पाहाचं नाही."

एकदा पोरीनं विचारलं, "मॅडम, दुसऱ्याचे केस धरले असन तं कसं सोडवाचं?"

मी काही सांगायच्या आत आईच बोलली, "तुले काऊन पाहिजे ते? तू पळाचं."

त्या दिवशी मी आईला बाजूला घेऊन रागावले. म्हटलं, तूच का निघत नाहीस तिथून? "निघून राहिली ना," ती म्हणाली. "धान कापून होऊ द्या. माहा भाऊ नागरा गावात राह्यते, तो नेतो म्हणते दोघींले." इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

कापणीच्या आधीच नवऱ्यानं तिला जिवे मारलं. पोलिसांनी त्याला नेलं. मला अजूनही कुणावर रागवावं ते कळत नाही, म्हणून मी सगळ्यांवरच रागावते.

काही आठवड्यांनी मामा पोरीला क्लासला घेऊन आला. पोरी जोड्या करून उभ्या राहिल्या. मी हिच्यासमोर गेले, पण तिच्या केसांना हात लावायचा मला धीर होईना. तीच जवळ आली.

"त्या दिवशी पहिले माह्येच केस धरले होते, मॅडम," ती म्हणाली. "मी सुटली. पळाली. मागं नाही पाह्यलं."