डावीकडचं सांगणारी

वाल्मीक बायकोला शेजारी बसवून जीप चालवायचा, आणि यावरून द्वारका चौकातल्या जीप स्टँडवर त्याची जेवढी टिंगल झाली तेवढी दुसऱ्या कुणाची झाली नसेल. पेठचं भाडं असो की सापुताऱ्याची सहल, झुंबर पुढच्या सीटवर हजर. एका सवारीची जागा अडते तरी बाई उठत नाही, म्हणून बाकीचे ड्रायव्हर तिला ‘मालकीण’ म्हणत. वाल्मीक सगळं हसण्यावारी न्यायचा.

झुंबर काही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. करंजाळी मागे पडून कोटंबीचा घाट लागला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. “डावीकडं बघा, दरी आली. लय खोल हाय. ही करवंदीची जाळी. कडंनं बैलगाडी चाललीय बघा. आता कठडा आला, पांढरा.” सहलीच्या लोकांना वाटायचं, बाई मोठी हौशी आहे. एकदा कॉलेजची पोरं घेऊन आलेले एक प्राध्यापक सांगू लागले, की हे सगळे डोंगर लाव्हारसाचे, एकावर एक थर साचले म्हणून त्यांना अशा पायऱ्या पडल्यात. झुंबरनं शांतपणे विचारलं, “आता इझलाय ना? मग डावीकडं बघा.” अख्खी जीप हसली. उतरताना तेच प्राध्यापक म्हणाले, “वहिनी, उजवीकडचं मात्र तुम्ही काहीच दाखवलं नाही.” झुंबर पाण्याचा कॅन शोधायला लागली.

उजवीकडचं वाल्मीकला दिसत होतं. डावा डोळा गेला होता. एक्क्याण्णव साली सटाण्याकडे, गावच्या विहिरीत सुरुंग उडाला आणि काळ्या दगडाची कपची त्याच्या डोळ्यावर बसली. वरून डोळा शाबूत, आत अंधार. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा जीप नवी होती, लेक मोहिनी लहान होती आणि दुसरा धंदा त्याला येत नव्हता. झुंबर म्हणाली, “मी बसते ना बाजूला.” एवढंच. पुढे ही गोष्ट त्या दोघांनी पोटच्या पोरीलाही सांगितली नाही.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात झुंबर काविळीनं गेली. वाल्मीकनं तेव्हाच जीप विकायला हवी होती. विकायला निघालाही होता. पेठला गिऱ्हाईक ठरलं होतं. एकटाच, जीव मुठीत धरून, रांगत रांगत तो घाटाशी पोचला. पहिल्याच वळणावर शेजारून आवाज आला, “डावीकडं बघा, दरी आली.”

त्यानं मान वळवून पाहिलं. सीट रिकामी होती. पण आवाज तोच, मशेरीनं थोडा जाड झालेला. जाळी सांगितली, रस्त्याखालची मोरी सांगितली, कठडा सांगितला, आणि सगळं जिथल्या तिथे निघालं. गिऱ्हाइकाला न भेटताच तो माघारी फिरला.

घरात ती कधी आली नाही. तसबिरीपुढे उदबत्ती लावून तो कितीतरी वेळ बसायचा, पण तिथे नुसता धूर. ती यायची घाटात, आणि तीही त्याच्या हातात स्टेअरिंग असेल तेव्हाच. म्हणून तो गाडी चालवत राहिला. पुढची सीट भरायचा नाही. लोक म्हणत, बिचारा अजून सावरला नाही. आपण कुणाच्या भरवशावर घाट उतरतोय हे मागच्या सवाऱ्यांना कळतं, तर त्या धावत्या गाडीतून उड्या टाकत्या. वाल्मीकला ते कळत होतं. रोज रात्री ठरवायचा, उद्यापासून बंद. सकाळी किल्ली हातात घ्यायचा.

मोहिनी शिकून नर्स झाली आणि पेठकडच्या एका आरोग्य केंद्रात तिला नोकरी लागली. ट्रंक, वळकटी मागे टाकून ती पुढच्या सीटवर येऊन बसली. जागा भरली, आता झुंबर बोलेल का?

बोलली. धो धो पाऊस होऊन गेलेला, डोंगराच्या काळ्या कड्यांवरून पाण्याच्या धारा लोंबत होत्या. मोहिनी काच खाली करून बघत राहिली. समोरून ट्रक आला. “कठडा आला, पांढरा,” झुंबर म्हणाली, आणि वाल्मीकनं निर्धास्तपणे जीप डावीकडे दाबली.

“आप्पा, थांबा! रस्ता नाहीये!”

ब्रेक लागला. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. पुढच्या डाव्या चाकाशी डांबर तुटलेलं होतं. दरड रस्त्याची कड आणि कठडा घेऊन खाली गेली होती, आणि खाली नुसती लाल माती आणि काळे धोंडे.

“दिसलं नाही तुम्हाला?”

“कठडा होता इथं. तुझी आई म्हणाली...”

मोहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं तळहातानं त्याचा उजवा डोळा झाकला. “किती बोटं आहेत?”

वाल्मीकनं तिचा हात बाजूला केला.

“कधीपासून, आप्पा?”

“तू लहान होतीस. आई होती की शेजारी.”

“आणि आता?”

“अजून सांगती. पण तिनं जे बघितलंय तेच सांगती. कठडा गेल्याचं तिला कोण सांगणार?”

मोहिनी रडली. खूप रडली. किल्ली मागायची हिंमत मात्र तिला झाली नाही. किल्ली दिली की झुंबर कायमची गेली, हे वाल्मीकला कळत होतं. पण शेजारी पोरगी बसली होती, दरीच्या बाजूला. त्यानं किल्ली काढून तिच्या हातात ठेवली आणि तो जीपमधून उतरला.

जीप विकली. पहिल्यांदा एसटीनं मोहिनीकडे निघाला, तेव्हा तो मुद्दाम डावीकडच्या खिडकीशी बसला. घाट लागला. वळणामागून वळण गेलं. कान टवकारून बसला होता, पण एक शब्द नाही. दरी आली, जाळी आली, सगळं मुकाट्यानं आलं आणि गेलं.

मग ती जागा आली. वाल्मीकनं मान पुरती वळवून चांगला डोळा काचेला लावला.

“झुंबर, डावीकडं बघ,” तो म्हणाला. “कठडा वाहून गेला गं. आता लोखंडी पट्टी लावलीय.”

“कुणाशी बोलताय बाबा?” शेजारच्यानं विचारलं.

वाल्मीकनं लक्ष दिलं नाही. “पुढं दरी हाय. लय खोल हाय. मी सांगतो, तू बस निवांत.”