बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी

सुनेला आठवा महिना लागला तेव्हा मुलाने मला अमेरिकेत सनीव्हेलला बोलावून घेतलं. बंगालमधल्या आमच्या जुन्या जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले, त्याच वर्षाच्या सुरुवातीची गोष्ट.

मुलाचं घर तळमजल्यावर होतं. मागे गाड्या लावायची जागा, मग कुंपण, आणि कुंपणापलीकडे मातीचा लांबच लांब बांध. फिरायला जाणाऱ्यांसाठी कुंपणात एक वाट ठेवलेली. पहिल्याच सकाळी मुलगा म्हणाला, "आई, चल, छान वॉक आहे. या बांधावरून थेट खाडीपर्यंत जाता येतं."

मी वर चढले. पलीकडे रुंद नाला होता आणि खाडीची भरती त्यात आत शिरत होती. मी पाण्याकडे बघितलं, मग मागे वळून घराकडे बघितलं. पाणी आमच्या खिडकीच्या खालच्या चौकटीएवढं उंच होतं. मुलगा लांबचे डोंगर दाखवत होता. मी "हो, हो" म्हणत होते, पण नजर त्या खिडकीवरच होती.

माझे यजमान रत्नागिरीकडचे. सरकारी लाँचवर सारंग होते, म्हणजे लाँच चालवणारे. त्यांची बदली बंगालच्या नद्यांच्या मुखाशी झाली आणि आम्ही तिथे बारा वर्षं राहिलो. जिल्ह्याचं नाव चोवीस परगणा. फार पूर्वी नवाबाकडून इंग्रजांच्या कंपनीला तेवढे परगणे मिळाले होते, त्यावरून पडलेलं. लाँचवर बांधांची देखरेख करणारे एक म्हातारे ओव्हरसियर असत. ते यजमानांना सांगत आणि यजमान मला जेवताना सांगत. मी चौथी शिकलेली, जे कळलं ते असं.

नद्या गाळ आणतात आणि त्या गाळाची बेटं होतात. बेट पुरतं वर यायला शेकडो वर्षं लागतात. पण साहेबांच्या काळात जंगलाचे नंबर घालून तुकडे पाडले आणि जमीनदारांना दिले. जमीनदारांना धीर नव्हता. झाडं तोडली, भोवती बांध घातला, भात पेरलं. बांध घातला म्हणून नदीचा गाळ आत यायचा बंद झाला. आतली जमीन होती तेवढीच राहिली आणि बाहेर नदी वर वर येत गेली. त्यामुळे तिथली माणसं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली राहतात. बेट म्हणजे काठ असलेलं ताट, आणि आपण ताटात.

पुढे जमीनदार गेले आणि बांध सरकारकडे आला. पण सरकार म्हणजे कोण? बांध पाटबंधारेवाल्यांचा, आतली जमीन महसूलवाल्यांची, नदीपलीकडचं जंगल फॉरेस्टवाल्यांचं, आणि बांध व पाणी यांच्यामधला चिखल कुणाचाच नाही. कलेक्टर बसत अलीपूरला, म्हणजे कलकत्त्यातच. लाँच, मग बस, मग आगगाडी. बांध गळतो आहे असा कागद तिथे पोचेपर्यंत पुढचं उधाण येऊन जायचं. म्हणून तिथल्या बायका सकाळी चूल पेटवायच्या आधी बांधाचा पायथा बघून यायच्या.

आमच्या शेजारणीला मी मासी म्हणत असे. तिने मला बघायला शिकवलं. खेकडे बांधात बिळं करतात आणि बिळातून पाणी आत झिरपतं. त्या गळतीला ते लोक घोग म्हणतात. मासी म्हणायची, "बांध रडला तर रडू दे. स्वच्छ पाणी आलं तर भिऊ नकोस. माती ओकायला लागला की मात्र पळ." पाणी गढूळ झालं म्हणजे बांध आतून धुपतो आहे. आणि ते भोक बुजवायचं नाही. बुजवलं तर पाणी दुसरीकडून फुटतं. भोकाभोवती मातीच्या पिशव्यांचं कडं करायचं, विहिरीच्या काठासारखं. आत पाणी चढतं, त्याचा जोर बाहेरच्या पाण्याला अडवतो, आणि माती यायची थांबते.

हे सगळं मला येत होतं. तरी एका भाद्रपदातल्या अमावास्येला काय झालं ते मी पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

वारा होता, पाऊस होता. पुरुष बांधाच्या माथ्यावर माती टाकत होते, पाणी वरून येऊ नये म्हणून. ओव्हरसियर छत्री धरून उभे. मी आमच्या चुलीमागे गेले तर पायथ्याशी बोटाएवढी धार लागलेली, चहासारखी. मी डोक्यावर पदर घेऊन बांधापर्यंत गेले. वीस-पंचवीस पुरुष. माझं बंगाली मोडकंतोडकं, ते ऐकून ते हसत. मला वाटलं, त्यांना दिसलं असेलच. मी तशीच परत आले आणि मुलाला काखेत घेऊन उंचावरच्या लाँचच्या धक्क्यावर जाऊन बसले. तासाभरात बांध त्याच जागी गेला. मासीची सासू खाटेवर पडून असायची, तिला चालता येत नव्हतं. ती दोन दिवसांनी भाताच्या शेतात सापडली.

मासी मला म्हणाली, "कुणाच्या नजरेला कसं पडलं नाही गं?"

मी म्हटलं, "नाही पडलं."

तर सनीव्हेलला पावसाचा आठवडा लागला. मी रोज सकाळी छत्री घेऊन मागे जाऊ लागले. इथे खेकडे नव्हते, पण मुंगसाएवढ्या मोठ्या खारी होत्या आणि त्यांनी बांधात ठिकठिकाणी बिळं केली होती. चौथ्या दिवशी कुंपणापासून दहा पावलांवर, बांधाच्या पायथ्याला, गवत ओलं दिसलं. बोट लावलं तर पाणी वाहत होतं. स्वच्छ होतं.

जेवताना मी मुलाला सांगितलं.

"आई, टेन्शन घेऊ नकोस. इथे इंजिनिअर लोक सगळं चेक करतात."

"कोण येतं चेक करायला? मी तर कुणाला बघितलं नाही."

"तू आत्ता पंधरा दिवसांपूर्वी आलीस!"

सून नागपूरची, तोंडाची फटकळ पण मायाळू. ती म्हणाली, "आई, आमच्या नागपुरात नदी म्हणजे नाग नदी. तिला पूर यायचा म्हटलं तरी ती आधी विचारून येते. तुम्ही इतक्या घाबरता, मग बाळ तुमच्यावर गेलं तर पाळण्यातसुद्धा छत्री मागेल."

मी हसले. रात्री झोप मात्र लागेना. गावाहून आणलेलं पंचांग काढून बघितलं, अमावास्या दोन दिवसांवर होती. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकत होती. त्या हिशेबाने अमावास्येला पाणी सकाळी साडेअकराच्या सुमारास सर्वांत वर येणार होतं.

त्या दिवशी मुलगा सात वाजता कामावर गेला. आठ वाजता मी मागे गेले. धार बोटाएवढी झाली होती आणि रंग चहासारखा होता.

मी काचेचा पेला नेऊन तो भरून आणला आणि सुनेसमोर टेबलावर ठेवला. ती टोस्ट खात होती. बघता बघता तळाला माती बसली.

"हे काय?"

"बांध आतून चालला आहे. फोन कर. कुणाला करायचा असतो त्याला कर."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग उठली. शहराच्या ऑफिसला फोन केला, ते म्हणाले काउंटीला, म्हणजे जिल्ह्याच्या ऑफिसला करा. काउंटीवाल्यांनी विचारलं, बांध नाल्याचा आहे की खाडीचा? नाल्याचा असेल तर तिसरा नंबर, खाडीचा असेल तर चौथा.

"आई, मी आता तिसऱ्यांदा होल्डवर आहे. गाणं वाजतंय, यार." तिने फोन माझ्या कानाला लावला. खरंच गाणं वाजत होतं. मला अलीपूर आठवलं. इथेही तसंच. कागदाऐवजी फोन, एवढाच फरक.

मुलाला फोन केला तर तो मीटिंगमध्ये.

मी सुनेला म्हटलं, "तू वरच्या मजल्यावर जा. आत्ता."

"कुणाकडे? मी कुणाला ओळखतसुद्धा नाही."

"मग जिन्यात बस. पण वर जा."

"आणि तुम्ही?"

तांदळाच्या तीन रिकाम्या पिशव्या होत्या त्या घेतल्या, सगळ्या उशांचे अभ्रे काढले, स्वयंपाकघरातलं पातेलं घेतलं. आवारात मुलांना खेळायला वाळूचा चौकोन केलेला होता. भिजलेली वाळू पातेल्याने अभ्र्यांत भरली, गाठी मारल्या, आणि एकेक उचलून कुंपणापलीकडे नेऊ लागले. फार जड होत्या. पाचव्या खेपेला मी रडत होते, पण ते पावसात कळत नव्हतं. बांधाच्या पलीकडे किती पाणी चढलं ते बघायचा धीर होत नव्हता. बघितलं असतं तर मी पळाले असते.

धारेभोवती अर्धं कडं झालं असेल, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं. वळून बघते तर पोलीस. उंच, रेनकोट घातलेला, एक हात कमरेवर. कुणीतरी फोन करून सांगितलं असणार की एक बाई मुलांची वाळू चोरते आहे आणि बांधाजवळ खणते आहे. तो मोठमोठ्याने काही म्हणत होता आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. माझ्या हातातून पिशवी पडली. मला वाटलं, आता हा मला धरून नेणार, परत पाठवणार, मुलाची नोकरी जाणार. पदर डोक्यावर ओढून घरी निघून जावं असं वाटलं. खरं सांगते, एक पाऊल टाकलंही.

मग मी खाली बसले. ओंजळीत ते पाणी घेतलं आणि त्याच्यापुढे धरलं. "बघा," मी म्हटलं, मराठीतच. "माती आहे. माती चालली. हा बांध जाणार. आत पोटुशी बाई आहे." मी खूप मोठ्याने बोलत होते. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी परक्या पुरुषाशी बोलले नव्हते. बांधाकडे, घराकडे, मग पोटाकडे हात करत होते, आणि ओंजळीतलं पाणी गळून गेलं की पुन्हा भरत होते.

तो वाकला. तेवढ्यात सपाता घातलेली माझी सून पोटावर हात धरून चिखलातून येताना दिसली. तिला जिन्यात बस म्हणून सांगितलं होतं.

ती त्याच्याशी भराभरा इंग्रजीत बोलली. तो बांधावर चढला, पलीकडे बघितलं, आणि उतरताना घाईने उतरला. खांद्यावरच्या यंत्रात तो बोलू लागला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, पाणी काठाला आलंय. ट्रक मागवतो आहे. आणि तुम्हाला बाजूला व्हायला सांगतो आहे."

"त्याला सांग, कडं पुरं करू दे. भोक बुजवू नका, कडं करा."

तिने सांगितलं. तो एक क्षण माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने माझी पडलेली पिशवी उचलली आणि मी दाखवलं तिथे ठेवली.

अर्ध्या तासाने केशरी कोट घातलेली माणसं ट्रक घेऊन आली. आम्हाला तिथून जायला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या एका चिनी म्हाताऱ्या बाईने दार उघडून आम्हाला आत घेतलं, टॉवेल दिले. तिच्या खिडकीतून बांध दिसत होता. साडेअकरा वाजायला वीस मिनिटं होती. आम्ही तिघी खिडकीशी उभ्या राहिलो. केशरी माणसं वाळूच्या खऱ्याखुऱ्या पिशव्या टाकत होती, आणि त्यांतले दोघे बांधावर उभे राहून हातवारे करत भांडत होते.

"हा कोणाच्या हद्दीत येतो, त्यावर चाललं असणार," सून म्हणाली. तिचे दात वाजत होते.

तेव्हा मी तिला मासीच्या सासूचं सांगितलं. खिडकीबाहेर बघतच सांगितलं. चहासारखी धार, ओव्हरसियरची छत्री, मी परत वळले ते. संपल्यावर सून म्हणाली, "मासी म्हणजे ज्यांना हे अजून दिवाळीला कार्ड पाठवतात त्या?"

"हो."

"यांना माहीत आहे?"

"नाही."

तिने माझा हात धरला नाही, काही समजूत घातली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मला बसायला हवंय." मी तिला खुर्ची दिली.

बांध राहिला. एक वाजता पाणी उतरायला लागलं आणि तीन वाजता आम्हाला घरी जाऊ दिलं. केशरी कोटातला एक जण बांधावर पहाऱ्याला ठेवला होता. सून पडल्या पडल्या झोपली. मला बसवेना. इथे घरभर गालिचा चिकटवलेला असतो, जमीन दिसत नाही, त्यामुळे पाणी आलं तर कळणार कसं? मी मागच्या भिंतीशी गुडघ्यांवर बसून हाताने चाचपू लागले. कोरडं होतं. दोन हात पुढे सरकले, तिथेही कोरडं. तरी पुन्हा पहिल्या जागी येऊन बघितलं.

मुलगा धावतच आत आला. सुनेने त्याला फोन केला असावा. मला जमिनीवर बघून दारातच थांबला.

"आई, काय करतेस?"

"बघतेय."

त्याने बूट काढले, टाय खिशात कोंबला, आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गुडघे टेकून, तळहात दाबत दाबत माझ्या दिशेने येऊ लागला.